उसनी कवायत आणि घरची शिस्त

जर्मनीच्या लोकसभेनें ५ डिसेंबर २०२५ रोजीं लष्करी सेवेचा नवा कायदा पसार केला आणि १ जानेवारी २०२६ पासून तो अमलांत आला. अठरा वर्षें पुरीं करणाऱ्या तरुणांकडे सरकारचें प्रश्नपत्रक जावयाचें. पुरुषांनीं त्याचें उत्तर दिलेंच पाहिजे, स्त्रियांनीं इच्छा असल्यास द्यावें. प्रत्यक्ष पलटणींत दाखल होणें मात्र ह्या कायद्यानें ज्याच्या त्याच्या खुषीवर ठेविलें आहे. २०३५ पर्यंत सुमारें २,६०,००० खडें सैन्य व त्याच्या पाठीशीं २,००,००० राखीव शिपाई उभे करावे, असा तेथील सरकारचा संकल्प आहे. ज्या राष्ट्रानें २०११ सालीं सक्तीची भरती स्थगित केली, त्यासच पुन्हा आपल्या तरुणांची मोजदाद करण्याची पाळी आली, ती रशियानें फेब्रुवारी २०२२ मध्यें युक्रेनवर केलेल्या स्वारीमुळें. स्वीडननें २०१७ सालींच सक्तीची सेवा पुन्हा सुरू करण्याचें ठरविलें. लाटव्हियानें २०२३ सालीं तोच मार्ग धरिला. डेन्मार्कनें जुलै २०२५ पासून स्त्रियांसही ह्या सेवेच्या कक्षेंत आणिलें. युरोप खंड आपल्या शिपायाचा विचार पुन्हा मुळापासून करूं लागला आहे.

हें वर्तमान वाचून माथेरानच्या पेठेंतला दुकानदार किंवा कर्जतचा व्यापारी सहज म्हणेल, "जर्मनांनीं आपल्या पोरांस पत्रें धाडावीं कीं न धाडावीं, आम्हांस त्याचें काय? आमचें गिऱ्हाईक शनिवारीं डोंगर चढतें आणि रविवारीं उतरतें, तेवढाच आमचा जमाखर्च." हा प्रश्न वरवर व्यवहारी दिसतो, परंतु त्यांत व्यवहार कमी आणि आंधळेपणा अधिक आहे. आपल्याच तालुक्यांतील मुलें भरतीच्या आशेनें पहाटे रस्त्यावर धांवतांना कोणीं पाहिलीं नाहींत? सैन्यांत कोणास घ्यावयाचें, त्यास काय शिकवावयाचें, त्याच्यावर अंमल कोणाचा असावयाचा, आणि त्याचें काम संपल्यावर समाजानें त्यास कोठें बसवावयाचें, हे चार प्रश्न बर्लिनचे तसेच नेरळ-खालापूरचेही आहेत. त्यांपैकीं पहिल्या तिहींचीं चुकीचीं उत्तरें देऊन महाराष्ट्रानें फार मोठी किंमत मोजलेली आहे. चौथ्याचें उत्तर अद्याप द्यावयाचें आहे, आणि त्याची मुदत जवळ आलेली आहे.

युरोपीय कवायत महाराष्ट्रास नवी नव्हे. फ्रेंच सेनापति बुसी ह्याच्या दक्षिणेंतील पलटणी पाहून आमच्या मुत्सद्द्यांस बंदुकधारी पायदळाचें महत्त्व पटलें आणि त्याच पद्धतींत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पेशव्यांच्या चाकरींत आला. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर त्याच्या गारद्यांनीं केलेली शर्थ सर्वश्रुत आहे. त्या पराभवांतून जिवंत परतलेल्या महादजी शिंद्यांनीं पुढें १७८४ सालीं सॅव्हॉय प्रांतांतील द बॉयन नांवाच्या सरदारास नोकरीस ठेविलें. आरंभीं दोनच पलटणी उभारल्या. परंतु १७९० सालीं पाटण व मेडता येथील लढायांत राजपुतांच्या नामांकित घोडदळाची ह्या पायदळापुढें मात्रा चालली नाहीं, तेव्हां पलटणींचे कंपू झाले, आग्र्यास तोफा ओतल्या जाऊं लागल्या, आणि शिपायाचा पगार वेळेवर मिळावा म्हणून दुआबांतला महसूल त्या कामासाठीं निराळा तोडून दिला गेला. पगार थकला कीं शिपाई धरणें धरून बसावयाचा, ही त्या काळची सर्वत्र चालणारी रीत ध्यानांत घेतली म्हणजे ह्या शेवटच्या सुधारणेचें मोल व्यापारी वाचकांस विशेष समजेल.

मग हें एवढें सैन्य गेलें कोठें? उत्तर असें कीं, शिपाई आमच्या पदरीं होता, परंतु त्याची विद्या परक्याच्या पदरीं होती. कंपूंचे अधिकारी फ्रेंच, इंग्रज, हनोव्हरचे, सॅव्हॉयचे. त्यांच्या हाताखालीं देशी सुभेदार पुष्कळ, पण पलटण किंवा कंपू स्वतंत्रपणें चालविण्याची विद्या त्यांस देणारी एकही शाळा शिंद्यांच्या राज्यांत निघाली नाहीं. महादजी १७९४ सालीं वारले. त्यानंतर दोन वर्षांच्या आंतच द बॉयन नोकरी सोडून गेला आणि त्याच्या जागीं पेराँ आला. १८०३ सालीं इंग्रजांशीं युद्ध जुंपतांच कंपनी सरकारनें जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरींतील आपल्या प्रजाजनांस परत बोलाविलें. पुष्कळ निघून गेले, आणि सप्टेंबरांत खुद्द पेराँच इंग्रजांच्या आश्रयास गेला. २३ सप्टेंबरास असईच्या लढाईंत पलटणींचा मुख्य पोलमन नांवाचा हनोव्हरवाला होता. १ नोव्हेंबर १८०३ रोजीं लासवारीस तर ह्या पलटणी आपल्या जुन्या युरोपीय अधिकाऱ्यांवांचूनच उभ्या राहिल्या. ते शिपाई बहुतेक उत्तर हिंदुस्थानचे होते. तोफांपाशीं उभे राहून ते कापले गेले, पण हटले नाहींत. शत्रूच्या सेनापतीनेंही त्यांची वाखाणणी केली. शौर्यांत उणें कांहींच नव्हतें. उणें होतें तें त्या शौर्यास वळण लावणाऱ्या घरच्या डोक्याचें.

ज्या पेढीच्या चोपड्या एकट्या मुनीमास वाचतां येतात आणि किल्ल्याही त्याच्याच कमरेस असतात, ती पेढी मालकाची कीं मुनीमाची, हें मुनीम उठून गेल्याच्या दिवशीं समजतें. उधारीचें पोतें सव्वा हात रितें, अशी आपली म्हण आहे. शिंद्यांचें पोतें शिपायांनीं, तोफांनीं व पैशानें भरलेलें होतें; तें रितें राहिलें त्या सव्वा हातांत अधिकारी घडविण्याची विद्या होती.

आतां ह्याच्याच शेजारीं दुसरें चित्र ठेवूं. असईनंतर तीनच वर्षांनीं, १४ ऑक्टोबर १८०६ रोजीं, येना व आउअरस्टेट येथें नेपोलियनच्या फौजांनीं प्रशियाचें सैन्य एका दिवसांत उधळून लाविलें. हें सैन्य थोर फ्रेडरिकनें घडविलेलें. त्याची कवायत पाहावयास साऱ्या युरोपांतून लोक जात. तेंही कुचकामी ठरलें. तेव्हां पराभव आम्हांसच झाला असें नाहीं. फरक पडला तो पराभवानंतर. प्रशियाच्या राजानें १८०७ सालीं सैन्याच्या पुनर्घटनेसाठीं एक मंडळ नेमिलें आणि त्याच्या प्रमुखपदीं शार्नहोर्स्ट ह्यास बसविलें. हा गृहस्थ जन्मानें उमराव नव्हे. हनोव्हरकडील शेतकऱ्याच्या घरांत वाढलेला, व लष्करी शाळेंत शिकून आणि शिकवून पुढें आलेला. ह्या मंडळानें पहिला प्रश्न विचारला तो बंदुकीविषयीं नव्हता. ज्या देशांत शेतकरी जमिनीस बांधलेला दास आहे, तो देशासाठीं जीव कां देईल, हा तो प्रश्न होता. त्याच वर्षीं ९ ऑक्टोबरास राजाज्ञेनें तें दास्य मोडावयाचें ठरलें. ६ ऑगस्ट १८०८ च्या हुकुमानें अधिकाऱ्याच्या जागेवरचा कुळाचा हक्क गेला: शांततेच्या काळीं ज्ञान व शिक्षण, युद्धाच्या काळीं शौर्य व समज, हीच काय ती पात्रता, असें ठरलें. शिपायास पशूसारखें झोडपण्याची शिक्षा बंद झाली. १८१० सालीं बर्लिनमध्यें अधिकाऱ्यांसाठीं उच्च लष्करी शाळा निघाली.

नेपोलियननें तर तहांत अट घातली होती कीं, प्रशियानें ४२,००० हून अधिक सैन्य ठेवूं नये. त्या अटीच्या आंत राहूनच एका तुकडीस शिकवावें, घरीं पाठवावें, आणि तिच्या जागीं दुसरी घ्यावी, अशी युक्ति चालविली गेली. म्हणजे घरीं परतलेला शिकलेला मनुष्य हेंच राष्ट्राचें भांडवल, हा विचार तेथें प्रथम व्यवहारांत उतरला. १८१३ सालीं राष्ट्र उठलें तेव्हां हें भांडवल उपयोगीं पडलें, आणि १८१४ च्या कायद्यानें सैन्यसेवा सर्वांची झाली.

आमच्याकडे १८०३ पासून १८१८ पर्यंत पंधरा वर्षें होतीं. यशवंतराव होळकर १८०५ पर्यंत झुंजला, हें त्याच्या लौकिकास शोभण्यासारखेंच आहे. परंतु आपण कां हरलों ह्याची चौकशी करणारें एक मंडळ, अधिकारी घडविणारी एक शाळा, कुळाऐवजीं गुण पाहणारा एक हुकूम पुणें, ग्वाल्हेर किंवा इंदूर येथून निघाला नाहीं. सरदारी बापाकडून मुलाकडे, वतन भावाकडून पुतण्याकडे, हा क्रम शेवटच्या दिवसापर्यंत चालला. सुंभ जळला, पीळ जळला नाहीं. सैन्याची सुधारणा समाजाच्या सुधारणेवांचून होत नाहीं, हें तत्त्व प्रशियानें पराभवाच्या शाळेंत शिकून घेतलें. आम्ही त्याच शाळेंत बसलों, पण धडा उघडलाच नाहीं.

कोणी म्हणेल, प्रशियाचें एवढें कौतुक कशास? त्याच सैन्यानें पुढें जगास आग लाविली नाहीं काय? लाविली, आणि तीही गोष्ट सांगितल्यावांचून हा हिशोब पुरा होत नाहीं. शार्नहोर्स्टच्या सोबत्यांचें काम अर्धवट राहिलें. १८१९ सालीं युद्धमंत्री बॉयेन ह्यास राजीनामा द्यावा लागला, उमरावशाही पुन्हा पलटणींवर बसली, आणि शिक्षण वाढलें तरी सैन्य लोकांस जबाबदार झालें नाहीं. ऑगस्ट १९३४ मध्यें त्याच सैन्यानें राष्ट्राची किंवा कायद्याची नव्हे, तर हिटलर ह्या एका मनुष्याची नांव घेऊन शपथ वाहिली. पुढें काय झालें तें जगास ठाऊक आहे. कवायत उत्तम, अधिकारी विद्वान, पण सदसद्विवेक गहाण ठेविलेला असेल, तर शिस्त ही आंधळ्याच्या हातांतली तलवार होते.

पश्चिम जर्मनीनें नवें सैन्य उभारतांना हा दोष ओळखला. पहिल्या स्वयंसेवकांस नेमणुकीचीं पत्रें देण्यासाठीं १२ नोव्हेंबर १९५५ हा दिवस निवडला. तो शार्नहोर्स्टच्या जन्माचा द्विशताब्दीचा दिवस होता. शिपाई म्हणजे गणवेष चढविलेला नागरिक, हें सूत्र ठरलें. १९५६ च्या कायद्यानें, जो हुकूम मनुष्यत्वाचा अपमान करितो तो शिपायानें पाळलाच पाहिजे असें नाहीं, आणि जो पाळल्यानें गुन्हा घडतो तो पाळतांच कामा नये, असें स्पष्ट केलें. शिवाय लोकसभेचा एक स्वतंत्र अधिकारी नेमून, वरिष्ठाची परवानगी न घेतां कोणाही शिपायानें त्याच्याकडे थेट गाऱ्हाणें न्यावें, अशी वाट ठेविली. २०२६ च्या नव्या कायद्याच्या मागें हा दीडशें वर्षांचा जमाखर्च उभा आहे. कवायत, अधिकारी आणि कायदा, ह्या तिन्ही खांबांवर सैन्य उभें राहतें. एक काढला तर छप्पर आज ना उद्यां खालीं येतें.

इकडे महाराष्ट्रांत इंग्रजांनीं कवायतही आणिली, शिस्तही आणिली. मुंबई इलाख्याच्या ज्या पलटणींतून पुढें मराठा लाइट इन्फंट्री झाली, त्यांतील सर्वांत जुनी १७६८ सालची. त्या सैन्यांत महार शिपाई मोठ्या संख्येनें होते; कोरेगांव येथील स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईंत पडलेल्यांचीं 'नाक' ह्या प्रत्ययानें संपणारीं नांवें आजही वाचतां येतात. पलटणींतल्या शाळांनीं ह्या समाजास अक्षरओळख दिली. सुभेदार रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेंत शिक्षक होते, आणि त्यांचे चिरंजीव भीमराव १८९१ सालीं महूच्या छावणींत जन्मले. गांवानें ज्यास वेशीबाहेर ठेविलें, त्यास पलटणीनें पाटी दिली, ही गोष्ट गांवास भूषणावह नाहीं. पण ती खरी आहे.

आणि तेंही दार बंद झालें. लढाऊ जाती व बिनलढाऊ जाती असा एक शास्त्राभास माजवून सरकारनें १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती थांबविली. ज्या सालीं प्रशियाच्या हुकुमानें कुळाचा हक्क मोडला, त्यानंतर चौऱ्यांयशीं वर्षांनीं आपल्या देशांत कुळ हीच पात्रता ठरली! त्याविरुद्ध पहिला अर्ज लिहिणारा पुरुष ह्याच जिल्ह्यांतला. महाडनजीकच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः पलटणींतून निवृत्त झालेले; त्यांनीं १८९४ सालीं आपल्या समाजाच्या वतीनें सरकारपुढें मांडावयाचें निवेदन तयार केलें. १९१० सालीं शिवराम जानबा कांबळे ह्यांनीं पुन्हा अर्ज केला. महायुद्धांत माणसें अपुरीं पडूं लागलीं तेव्हां १९१७ सालीं महारांची एक पलटण उभारली गेली आणि गरज सरतांच १९२१ सालीं मोडली गेली. शेवटीं दुसऱ्या महायुद्धांत, डॉ. आंबेडकर संरक्षण सल्लागार समितीवर असतांना, ऑक्टोबर १९४१ मध्यें बेळगांवीं महार रेजिमेंट उभी राहिली. गरजेपुरतें घ्यावयाचें व गरज सरली कीं दार लावावयाचें, हा परक्या सरकारचा न्याय होता. परंतु त्या सरकारच्या यादीस आमच्या समाजांतील किती शहाण्यांनीं विरोध केला, हाही प्रश्न विचारावयास हवा. ती यादी त्यांस बोंचली नाहीं, कारण तशीच एक यादी त्यांच्या घरांत आधींपासूनच टांगलेली होती.

शौर्य जातीवर वांटलेलें नसतें ह्याचा पुरावा माथेरानास बाहेरून आणावयास नको. १ डिसेंबर १९१२ रोजीं ह्याच गिरिस्थानावर एका गरीब नाभिक कुटुंबांत विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. ते शिकून वकील झाले, गोरगरिबांच्या शाळांसाठीं व धान्यकोठारांसाठीं झटले, येथल्या नगरपालिकेंत बसले, आणि १९४२ च्या चळवळींत आझाद दस्ता उभारून त्यांनीं मुंबईच्या गिरण्यांस वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारांत ते व हिराजी पाटील पडले. इंग्रजांच्या लढाऊ जातींच्या यादींत माथेरानच्या नाभिकास जागा नव्हती. त्यांच्या दस्त्यास ना लष्करी शाळा होती, ना तोफखाना, ना पगार. होती ती एका ध्येयाची शिस्त. हीच शिस्त असलेल्या तरुणांस जर रीतसर शिक्षण मिळालें असतें, तर काय झालें असतें? तसें शिक्षण सर्वांस खुलें करणें हेंच स्वराज्याचें काम होतें.

स्वराज्यानें तें बव्हंशीं केलें, हें मान्य करूं. ६ ऑक्टोबर १९४९ रोजीं खडकवासल्यास राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला बसली. शिंद्यांच्या राज्यास जी शाळा कधीं काढतां आली नाहीं, ती पुण्याच्या उशाशीं निघाली आणि तिचें दार परीक्षेनें उघडूं लागलें. २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हुकूम दिल्यावर मुलींसही तेथें प्रवेश मिळाला, व मे २०२५ मध्यें सतरा मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. अधिकारी आतां घरचे आहेत, आणि सैन्य कोणा एका पुरुषाच्या नांवाची नव्हे तर राज्यघटनेची शपथ घेतें. कांहीं जुन्या पलटणींचीं नांवें अद्याप जातींवरून व प्रांतांवरून आहेत. मिळविलेल्या कीर्तीच्या खुणा म्हणून तीं नांवें राहोत, त्यांस आमची हरकत नाहीं; मात्र नांव कीर्तीचें असावें, कुलुपाचें नसावें.

उरला तो चौथा प्रश्न. १४ जून २०२२ रोजीं सरकारनें अग्निपथ योजना जाहीर केली. साडेसतरा ते एकवीस ह्या वयाचे तरुण चार वर्षांसाठीं घ्यावयाचे. त्यांतील शंभरांस फार तर पंचवीस कायम ठेवावयाचे. बाकीच्यांस पेन्शन नाहीं, तर वेतनांतून कापलेली रक्कम व तेवढीच सरकारची भर मिळून सुमारें ११.७१ लक्ष रुपयांचा सेवानिधि हातीं देऊन निरोप द्यावयाचा. सैन्य तरुण राहील व नव्या यंत्रविद्येस योग्य होईल, असें सरकारचें म्हणणें. चार वर्षांत पुरता शिपाई घडत नाहीं आणि घडलेला बेकार होऊन गांवीं परततो, असें टीकाकारांचें म्हणणें. दोहोंतही तथ्य आहे, आणि योजनेंतील वेतनाचे व मुदतीचे दोष संसदेनें दुरुस्त करावे अशीच आमची मागणी आहे. परंतु संसद काय करील तें करो. पहिली तुकडी २०२३ च्या आरंभीं शिक्षणकेंद्रांत दाखल झाली, म्हणजे तिचीं चार वर्षें २०२७ च्या आरंभाशीं भरतात. विशी-पंचविशींतला, कष्टास कणखर, वेळेचा पक्का, शिकलेला, आणि गांठीस थोडा पैसा असलेला तरुण आपल्या गांवांत परत येणें हें संकट कीं संपत्ति? ज्या प्रशियानें घरीं परतलेल्या शिपायास राष्ट्राचें भांडवल केलें, त्याचा दाखला वर दिलाच आहे. भांडवल पेटींत पडून राहिलें तर गंजतें. चुकीच्या हातीं गेलें तर घर बुडवितें.

ह्या भांडवलाची आपल्या तालुक्यांत केवढी निकड आहे, तें १९ जुलै २०२३ च्या रात्रीनें दाखविलें. माथेरानच्याच डोंगररांगेंतील इर्शाळगडाच्या कुशींत, खालापूर तालुक्यांत चौक गांवाजवळ, इर्शाळवाडी ही ठाकूर समाजाची वस्ती होती. पावसानें कडा सुटला आणि झोंपेंत असलेलीं घरें गाडलीं गेलीं. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. माती उपसणारीं यंत्रें वर नेतां आलीं नाहींत. राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाच्या जवानांनीं व गिर्यारोहक तरुणांनीं चिखलाची पायवाट चढून हातानें माती उपसली. २७ मृतदेह हातीं लागले. ५७ माणसें बेपत्ता राहिलीं. चार दिवसांनीं शोध थांबला. त्याच्या दोनच वर्षें आधीं, २२ जुलै २०२१ रोजीं, महाड तालुक्यांतील तळिये गांव असेंच दरडीखालीं गेलें होतें. सह्याद्रीच्या कुशींतल्या माणसास परक्या सैन्यापेक्षां आपलाच कडा अधिक भयंकर झाला आहे. अशा रात्रीं पहिल्या तासांत जो पोहोंचतो तोच वांचवितो; आणि पहिल्या तासांत पोहोंचतो तो शेजारचाच मनुष्य. तो शिकलेला असावा कीं नसावा, एवढाच प्रश्न आहे.

आमची सूचना अशी. कर्जत व खालापूर ह्या दोन तालुक्यांत, जिल्हा आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणाच्या देखरेखीखालीं, सैन्यांतून परतलेल्या तरुणांचें एक कायम डोंगरी मदतपथक असावें. त्यांनीं आपला धंदा-नोकरी करावी, वर्षांतून ठरलेले दिवस सरावास यावें, आणि पावसाळ्यांत हांकेच्या अंतरावर राहावें. त्या दिवसांचें वेतन सरकारनें द्यावें. स्थानिक ठाकूर, कातकरी तरुणांस त्यांत वाटाड्ये म्हणून नव्हे, तर बरोबरीचे सभासद म्हणून घ्यावें. डोंगराची जी विद्या त्यांच्यापाशीं आहे ती कोणत्याही प्रबोधिनींत शिकवीत नाहींत. मुलींसही मज्जाव नसावा. आपदा मित्र म्हणून स्वयंसेवकांस थोड्या दिवसांचें शिक्षण देण्याची योजना सरकारनें चालविलेली आहेच. तिला असा कायमचा कणा हवा. जर्मनींतच १९५० सालीं स्थापन झालेली तांत्रिक मदतसंस्था पाहा: तिचे ऐंशी हजारांवर स्वयंसेवक आपापला व्यवसाय सांभाळून पूर व भूकंप ह्यांत धांवतात, आणि सक्तीच्या भरतीच्या काळीं तरुणांस पलटणीऐवजीं तेथें सेवा करण्याची मुभा होती.

सरावास जागा कोणती, असें कोणी विचारील तर माथेरान हें आमचें उत्तर आहे. कांहीं अपवाद सोडल्यास येथें मोटारीस बंदी आहे. माल घोड्यांच्या पाठीवरून चालतो. पायवाटा, कडे व पाऊस ह्यांची वाण नाहीं. स्वित्झर्लंडनें १९७२ सालीं आपलें घोडदळ मोडलें, परंतु डोंगरांत ओझें वाहणारीं घोड्यांचीं पथकें अद्याप ठेविलीं आहेत; कारण जेथें चाक थांबतें तेथें खूर चालतो. इर्शाळवाडीची वाट ज्यांनीं चढली त्यांस हें निराळें सांगावयास नको. माथेरानचा घोडेवाला हा सहल घडविणारा मनुष्य म्हणूनच आपण ओळखतों. आपत्तीच्या रात्रीं तोच रसद पोहोंचविणारा होऊं शकतो, ह्याचा विचार आपण कधीं केला आहे काय?

ह्यावर दोन आक्षेप येतील. एक असा कीं, शिपायांचीं पथकें गांवोगांव उभारल्यानें दंडेली वाढेल. ही भीति खोटी नाहीं. १९३४ ची शपथ आम्हीं वर सांगितलीच आहे. म्हणूनच हें पथक शस्त्रधारी नसावें, कोणत्याही पक्षाच्या वा पंथाच्या झेंड्याखालीं नसावें, आणि त्याचा वर्षाचा हिशोब नगरपरिषद व पंचायत समितीपुढें उघडपणें वाचला जावा. मोकाट सोडलेली शिस्त भयंकर. कायद्यास बांधलेली शिस्त हाच समाजाचा आधार. दुसरा आक्षेप पैशाचा. दरडीखालीं गाडलेल्या वाडीचें पुनर्वसन करण्यास जो खर्च येतो, त्याच्या मानानें दोर, कंदील, स्ट्रेचर व सरावाचे दिवस ह्यांचा खर्च किती तो जाणत्यांनींच ताडून पाहावा. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यास पाणी मिळत नाहीं आणि विहिरीचा खर्च तर चुकत नाहीं.

व्यापारी बंधूंसही आमचें निराळें मागणें आहे. परतणाऱ्या तरुणास दारावरचा पहारेकरी करून मोकळे होऊं नका. चार वर्षें ज्यानें यंत्रें, वाहनें, बिनतारी संदेश किंवा कोठार सांभाळलें, त्यास गुदामाची, हिशोबाची, यंत्रदुरुस्तीची जबाबदारी देऊन पाहा. त्याचा सेवानिधि एखाद्या लुच्च्या योजनेंत बुडण्यापूर्वीं त्यास भांडवल कसें गुंतवावें हें शिकवा. ही विद्या तुमच्यापाशीं आहे व ती देण्यास खर्च येत नाहीं. आणि भरतीच्या आशेनें पहाटे धांवणाऱ्या गरीब मुलांसाठीं एक मोकळें मैदान, एक वाचनालय व परीक्षेच्या तयारीचा एक विनामूल्य वर्ग प्रत्येक बाजारपेठेनें चालवावा. २०२३ पासून अग्निवीरांच्या भरतींत लेखी परीक्षा आधीं व धांवणें मागाहून आहे. म्हणजे आतां पायांपूर्वीं पाटीची कसोटी लागते. ती पाटी पैसेवाल्याच्याच मुलास मिळाली, तर बिनलढाऊ जातींची यादी आपण नव्या अक्षरांत पुन्हा लिहिली असें होईल.

महादजींनीं कवायत उसनी आणिली, इंग्रजांनीं ती जातींच्या कोष्टकांत बसविली, स्वराज्यानें तिचें दार उघडलें. आतां त्या दारांतून परत घरीं येणाऱ्यास आपण काय म्हणतों, ह्यावर पुढचा हिशोब अवलंबून आहे. आजवर आमच्या समाजानें शिपायास निरोप देतांना हार घातले आणि तो परतल्यावर त्याची विचारपूस केली नाहीं. पहिली तुकडी उतरण्यापूर्वीं ही रीत बदलली पाहिजे. कर्जत, खालापूर व माथेरान येथील नगरपालिकांनीं आपल्या पुढील सभेंत ह्या मदतपथकाचा ठराव मांडावा, आणि व्यापारी मंडळांनीं त्यास पहिली वर्गणी द्यावी. पावसाळा कोणाच्या ठरावाची वाट पाहत नाहीं.